पुंजक्यातली अंडी

आमच्या माजघराला लागून एक काळोखी खोली आहे. सासरे होते तोवर तिथं ज्वारीच्या कोठ्या असायच्या. आता लाकडी फळ्यांवर ओळीनं कोहळी मांडलेली असतात. लाल भोपळ्याला आमच्याकडं कोहळंच म्हणतात, पोळ्याला ज्याची बोंडं तळतात ते. माझी ही कोहळी मात्र स्वयंपाकघरात जात नाहीत. त्यांच्यावर मी पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस पिणारी पांढऱ्या मेणाची कीड, वाढवते आणि पिठ्यावर त्याला खाणारे ढालकिडे.

पहिल्या वर्षी सासूबाई दारात उभ्या राहून बराच वेळ ते पांढरं पडलेलं कोहळं पाहत होत्या. मग म्हणाल्या, "पिठ्या पोसून पिठ्या कसा मरन वं सूनबाई?" प्रश्न अगदी खरा होता. मी त्यांना ढालकिड्याची अळी दाखवली, तिच्या तोंडात पिठ्याचं पिल्लू होतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग याले उपाशी नको ठेवजो." तेव्हापासून खोलीला कुलूप लावायचं काम त्यांच्याकडं आहे.

आमचं वावर मोर्शी तालुक्यात आहे. थोडा संत्रा, थोडी पऱ्हाटी आणि तूर, आणि एक एकरभर सीताफळ, दोनशे दहा झाडं. मी बी.एस्सी. प्राणिशास्त्रात केलं आणि लग्नानंतर ते शिक्षण पंधरा वर्षं पडून होतं. ते बाहेर काढलं ते सीताफळावरच्या पिठ्यानं. फळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत हा किडा शिरतो, रस पितो, गोड चिकटा सोडतो. चिकट्यावर काळी बुरशी चढते. फळ आतून चांगलं असलं तरी अमरावतीच्या बाजारात त्याला कोणी हात लावत नाही. फवारा मारावा तर पाठीवरचं मेण औषध आत जाऊ देत नाही, आणि खाचेत बसलेल्यापर्यंत ते पोचतही नाही. दोन हंगाम आम्ही फवाऱ्यावर पैसे घातले. तिसऱ्या हंगामात मी यांना म्हटलं, यंदा किडे सोडून पाहू.

ज्या किड्याबद्दल बोलते आहे त्याचं शास्त्रीय नाव क्रिप्टोलीमस मॉन्ट्रोझिएरी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. मसुराच्या दाण्याएवढा, काळपट तपकिरी पाठ, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. अंड्यापासून भुंगेरा, म्हणजे पूर्ण वाढलेला किडा, व्हायला साधारण महिना लागतो. भुंगेराही पिठ्या खातो, अळीही खाते, आणि अळी जास्त खाते. एवढं तर कुठल्याही कृषी पत्रिकेत असतं. हेक्टरी पंधराशे भुंगेरे सोडा, असंही असतं. माझ्या एकराला हिशेबानं सहाशे लागत होते. ते मी एका ठिकाणाहून मागवले. बंद डब्यात, कागदाच्या कात्रणांत आले. सप्टेंबरच्या एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, झाडागणिक दोन-तीन मोजून सोडले.

पुढं जे झालं त्यावरच हे सगळं लिखाण आहे.

तीन आठवड्यांनी बागेच्या पूर्वेच्या ओळींत काम झालेलं दिसत होतं. फळांवर, फांद्यांच्या बेचक्यांत पांढऱ्या झुपकेदार अळ्या फिरत होत्या, आणि पिठ्याचे पांढरे थर फाटल्यासारखे झाले होते. विहिरीकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या सात ओळींत मात्र जवळपास काहीच नव्हतं. पिठ्या होता तसा. सोडल्यानंतर दोन-तीन दिवस मी तिथं भुंगेरे पिठ्या खाताना डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे ते आले, जेवले, आणि गेले.

आधी मला मुंग्यांचा संशय आला. चिकट्यासाठी मुंग्या पिठ्याची राखण करतात, ढालकिड्याला पळवून लावतात. खोडाला चिकट पट्टे बांधले. मग वाटलं, तिकडं दुपारचं ऊन जास्त आहे. यांचं म्हणणं, कोणीतरी शेजारून मारलेल्या औषधाचा वास आला असेल. हे सगळं थोडंफार खरंही असेल. पण एक दिवस मी दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन दोन्हीकडचा पिठ्या एका पांढऱ्या ताटलीत शेजारी ठेवला, आणि इतके दिवस मी एकाच नावानं दोन वेगळ्या किड्यांना हाक मारत होते हे कळलं.

पूर्वेचा होता गुलाबी पिठ्या, मॅकोनेलिकॉकस हिरसुटस. अंबाडीवर, जास्वंदीवर, द्राक्षावर येतो तो हाच. मेण बाजूला केलं की अंग गुलाबीसर दिसतं. मादी पांढऱ्या मेणाच्या धाग्यांची एक पिशवी विणते आणि त्यात नारिंगी-गुलाबी अंडी घालते. सुईच्या टोकानं ती पिशवी उचकटली की आत अंड्यांचा ढीग.

पश्चिमेचा होता फेरिसिया व्हर्गाटा. पाठीवर दोन गडद पट्टे, मागं दोन लांब शेपट्या, आणि अंगावर काचेच्या तारांसारखे चमकणारे केस. एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. हा तशी पिशवी विणत नाही. अंगाखाली मेणाच्या सैल धाग्यांची थोडीशी गादी असते, आणि अंडी घातल्यावर थोड्याच वेळात फुटून पिल्लं बाहेर येतात. अंड्यांनी भरलेला कापसासारखा पुंजका त्याच्याकडं सापडतच नाही.

आणि आमच्या ढालकिड्याची मादी नेमका तोच पुंजका शोधत असते.

हे मला नंतर वाचून समजलं, आणि समजल्यावर कितीतरी गोष्टी जागेवर बसल्या. क्रिप्टोलीमसची मादी आपली अंडी पिठ्याच्या अंड्यांच्या पिशवीत किंवा अगदी तिच्या लगत घालते. पिशवीचे मेणाचे धागेच तिला अंडी घालायला उद्युक्त करतात. यामागं एक सरळ कारण आहे. अंड्यातून निघालेली तिची अळी इतकी बारीक असते की मोठ्या पिठ्या मादीला ती भारी पडू शकत नाही. पहिल्या दिवसांत तिला पिठ्याची अंडी आणि नुकती जन्मलेली पिल्लं लागतात. पिशवी म्हणजे तयार ताट. आई तिथंच पाळणा बांधते. चौथ्या अवस्थेला पोचलेली अळी मात्र लहान-मोठा पाहत नाही, समोर येईल तो पिठ्या खाते.

फेरिसियावर भुंगेरा पोट भरतो. त्याची मोठी अळी नेऊन सोडली तर तीही वाढते, मी करून पाहिलं आहे. दुसरीकडं काही बागांत या पिठ्यावरही किड्यानं चांगलं काम केल्याचं वाचलं आहे, म्हणून माझ्या सात ओळींवरून मी सरसकट निकाल देत नाही. पण माझ्या बागेत, त्या सप्टेंबरात, मादीनं तिथं अंडी घातली नाहीत. दुसरी पिढी झाली नाही. आणि दुसरी पिढी झाली नाही तर सोडलेले किडे म्हणजे फक्त एक फवारा, जो आठवड्यात वाळून जातो.

कीटकशास्त्रात यासाठी एक भेद करतात. इव्हो होडेक नावाचे चेक शास्त्रज्ञ होऊन गेले, ढालकिड्यांवर आयुष्य घालवलेले. त्यांनी ढालकिड्यांच्या अन्नाचे प्रकार वेगळे केले. एक असं भक्ष्य, ज्यावर अळी पूर्ण वाढते आणि मादी अंडी घालते. दुसरं असं, ज्यावर किडा फक्त तग धरतो. मी माझ्यापुरती त्याला वंश चालवणारं अन्न आणि पोट भरणारं अन्न अशी नावं ठेवली आहेत. सासूबाईंना सांगितलं तर त्यांना समजवावं लागलं नाही. "नुसत्या कुटारावर गाय जगते. दूध कुठं देते?" म्हणाल्या.

आपण शेतकरी माणसं मित्रकिडा म्हणतो आणि त्याला एकच माप लावतो: खातो की नाही. डबीत एक पिठ्या टाकायचा, किड्यानं खाल्ला की झालं समाधान. विकणाराही तेच दाखवतो. मला आता वाटतं हा प्रश्नच अपुरा आहे. खातो, ठीक. खाऊन किती दिवस जगतो? अळीला वाढायला किती दिवस लागतात? त्या खाण्यावर मादी किती अंडी देते, आणि त्यातली किती फुटतात? भक्ष्य बदललं की ही सगळी उत्तरं बदलतात. किडा तोच असतो.

खोलीतल्या कामाबद्दल थोडं, कारण अनेक जण विचारतात. कोहळं पिकलेलं, कडक सालीचं, खोल खाचांचं आणि देठासकट घ्यायचं. खाचांत पिठ्याची पिल्लं बिलगून बसतात, गुळगुळीत कोहळ्यावर बसत नाहीत. धुऊन, बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून सावलीत सुकवायचं. कुठं खरचटलं असेल तर तिथं मेण लावायचं, नाहीतर तिथूनच सडतं. मग गुलाबी पिठ्याची पिल्लं सोडायची. पंधरा-वीस दिवसांत अंड्यांच्या पिशव्या दिसू लागतात, तेव्हा भुंगेऱ्यांच्या जोड्या सोडायच्या. आधी घाई केली तर पिठ्या संपतो आणि अळ्या एकमेकांना खातात. हो, खातात. उपाशी अळीला स्वतःच्या भावंडाची अंडीही चालतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात हेच काम बटाट्याच्या कोंबांवर मोठ्या प्रमाणावर झालं. आपल्याकडं कोहळं जास्त टिकतं.

वैशाखात मात्र सगळं अवघड होतं. आमच्याकडं पारा पंचेचाळिसावर जातो आणि हा किडा तेहतिसाच्या पुढं मलूल पडतो. कूलर, ओली पोती, रात्री खिडक्या उघडायच्या, सकाळी सातच्या आत बंद करायच्या. गेल्या उन्हाळ्यात तीन दिवस वीज नव्हती. माझ्याकडं ऐंशीच्या वर भुंगेरे होते, एकवीस उरले. त्या एकवीसांवर पुन्हा उभं राहिले. त्या दिवसांत सासूबाई पहाटे उठून पोत्यांवर पाणी मारायच्या, हे इथं लिहून ठेवायचं आहे.

आता कापसाची गोष्ट.

एका वर्षी पावसाळ्यात माझी कोहळी एकामागून एक सडली आणि भुंगेऱ्यांना द्यायला पिठ्या उरला नाही. जवळच ट्रायकोकार्ड, म्हणजे मित्रकिड्यांची अंडी लावलेली कार्डं, बनवणारं एक युनिट आहे. तिथं तांदळावरच्या पतंगाची, म्हणजे कोर्सिराची, अंडी मिळतात. ती आणून घातली. भुंगेऱ्यांनी खाल्ली, चांगली खाल्ली. दोन आठवडे कोणी मेलं नाही. पण अंडं एकही नाही. मी रोज सकाळी भिंग घेऊन बरणीचा काचन् काच तपासत होते.

मग वाचनात आलं की पतंगाच्या अंड्यांवर हा किडा वाढवणाऱ्या प्रयोगशाळांत मादीला अंडी घालण्यासाठी कृत्रिम धाग्यांचा पुंजका ठेवतात. मी कृत्रिम धागा कुठून आणणार? घरात कापसाचं पोतं होतं, आमच्याच वावरातलं. बोटभर कापूस घेतला, सरकी काढली, नखांनी सैल केला आणि बरणीत टाकला. मनात आलं, पाच हजार वेळा हा कापूस वेचला असेल या हातांनी, आज पहिल्यांदा त्याच्याकडं आशेनं पाहते आहे.

चौथ्या दिवशी त्या पुंजक्यात पिवळसर, लांबट अंडी होती. अकरा.

मी कितीतरी वेळ तिथंच बसून राहिले. त्या मादीनं पिठ्याची पिशवी समजून आमच्या पऱ्हाटीचा कापूस निवडला होता. पोट भरलं होतं पतंगाच्या अंड्यांनी, पण अंडी घालायची जागा आहे हे तिला सांगितलं धाग्यांनी. म्हणजे भक्ष्य हे नुसतं अन्न नसतं. भक्ष्याचा आकार, त्याचं मेण, त्याचा वास, तो कसा वितो, हे सगळं मिळून किड्याला काहीतरी सांगत असतं.

या किड्याचा आपल्या देशातला इतिहासही हेच सांगतो. १८९८ साली तो ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला गेला, आणि आणला होता कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. तिथं त्यानं अपेक्षित काम केलं नाही. पण दक्षिणेत वेगवेगळ्या पिठ्यांवर तो हळूहळू रुजला, आणि आज आपण त्याला पिठ्याचा शत्रू म्हणून ओळखतो. ज्यासाठी आणला ते भक्ष्य त्याचं नव्हतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्या वेळी कोणी म्हणालं असेल, किडा कुचकामी आहे. किडा कुचकामी नव्हता, ताट चुकलं होतं.

उलट उदाहरणही आहे. १८८८ च्या सुमारास अल्बर्ट कोबेली यांनी ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियाला रोडोलिया नावाचा लाल-काळा ढालकिडा पाठवला. तिथल्या संत्रा-लिंबाच्या बागा कापशी खवल्यानं, आयसेरियानं, मरायला टेकल्या होत्या. पहिल्या काही खेपांत मिळून अवघे १२९ किडे पोचले. १८८९ संपेपर्यंत बागा सावरल्या. रोडोलिया जवळपास फक्त त्या एका किडीवर आणि तिच्या जवळच्या भावकीवर जगतो, म्हणून तिला असा शोधून संपवतो. याच कोबेलींनी पुढं १८९१-९२ मध्ये क्रिप्टोलीमसही तिकडं नेला. क्रिप्टोलीमसचं पोट जरा मोठं आहे, तो अनेक प्रकारचे पिठ्ये खातो, काही मऊ खवलेही खातो. त्यामुळं तो जास्त ठिकाणी उपयोगी पडतो, पण प्रत्येक ठिकाणी सारखा उपयोगी पडत नाही.

रोडोलियाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी मी वावरात चालताना नेहमी आठवते. तोच आयसेरिया जर काही विषारी शेंगवर्गीय झुडपांवर वाढलेला असेल, तर झाडातलं विष त्याच्या अंगात साठतं आणि रोडोलियाला तो बाधतो. म्हणजे भक्ष्यानं काय खाल्लं यावरही अवलंबून. आमच्या धुऱ्यावर रुईची झुडपं आहेत. हिवाळ्यात त्यांच्या शेंड्यांवर पिवळाजर्द मावा येतो. रुईच्या चिकातलं विष तो मावा अंगात घेतो. चवळीवरच्या काळ्या माव्यावर झपाट्यानं वाढणारे आमचे नागमोडी रेघांचे ढालकिडे त्या पिवळ्या माव्यावर अडखळतात, हे मी दोन हिवाळे पाहते आहे. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, वा, किती खाद्य आहे यांना.

पऱ्हाटीवरच्या पिठ्याबद्दल इथं थोडंसं, कारण लोक मला तिथंही किडे सोडायला सांगतात. २००६-०७ च्या सुमारास देशातल्या कपाशीवर फेनाकॉकस सोलेनॉप्सिस हा अमेरिकेकडचा पिठ्या पसरला. गाजर गवतावर, पेटारीवर, भेंडीवर तो वर्षभर टिकतो. तेव्हा आमचे इथलेच ढालकिडे, नागमोडी रेघांचे आणि उभ्या पट्ट्यांचे, त्याच्यावर दिसायचे. पण त्याला खरं आवरलं एका बारीक काळ्या गांधीलमाशीनं. ती २००९ मध्ये नवीन जात म्हणून नोंदली गेली आणि डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्या नावावरून तिला एनासियस बंबावालेई म्हटलं गेलं. पुढं ती अमेरिकेतल्या एनासियस ॲरिझोनेन्सिस या जातीशी एकच असल्याचं ठरलं. ती पिठ्याच्या अंगात अंडं घालते. पिठ्या फुगून तांबूस, कडक होतो.

आता यात पेच असा की क्रिप्टोलीमसला गांधीलमाशीचं अंडं पोटात असलेला पिठ्या आणि निरोगी पिठ्या यात सुरुवातीला फरक कळत नाही. तो दोन्ही खातो. पिठ्या कडक झाल्यावरच सोडून देतो. म्हणून ज्या पऱ्हाटीवर तांबूस कडक पिठ्ये दिसतात तिथं मी किडे देत नाही. गांधीलमाशीला तिचं काम करू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे घेऊन किडे देता आले असते, पण नाही दिले.

शेजारच्या काकांचं नुकसान मात्र मला अजून सलतं. त्यांनी माझ्याकडून दोनशे भुंगेरे नेले होते. वीस दिवसांनी त्यांच्या सीताफळावर अळ्या झाल्या. क्रिप्टोलीमसच्या अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाचे झुपके असतात, ती पिठ्यासारखीच दिसते. काकांना वाटलं पिठ्या दुप्पट झाला आणि मोठाही झाला. त्यांनी सकाळी फवारा मारला. दुपारी मला सांगायला आले, "सूनबाई, तुह्या किड्यानं काईच नाई केलं वं." मी बागेत गेले तर झाडांखाली अळ्यांचा सडा पडला होता. किडे देताना अळी कशी दिसते हे मी त्यांना दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी कोणालाही किडे देताना एका डबीत जिवंत अळी आणि जिवंत पिठ्या शेजारी ठेवून दाखवते. काडीनं हलकेच डिवचायचं. अळी तुरुतुरु पळते, पिठ्या जागचा फारसा हलत नाही. पोराबाळांनाही दाखवते, कारण घरी जाऊन तेच मोठ्यांना सांगतात.

आणि आता देण्याआधी मी विचारते, तुमचा पिठ्या घेऊन या. पानासकट, फळासकट, बंद डबीत. भिंगाखाली पाहते. गुलाबी असेल तर आनंदानं देते. कडेनं आखूड मेणाची झालर आणि पिवळी अंडी असतील, म्हणजे प्लॅनोकॉकस, संत्र्यावरचा, तरी देते. तो पिशवी विणतो, आणि किड्याला चांगला मानवतो. दोन शेपट्यांचा फेरिसिया असला तर सांगते की भुंगेऱ्यांऐवजी वाढलेल्या अळ्या न्या, एकदा साफ होईल, पण पुढच्या पिढीची खात्री मी देत नाही. कोणी नाराज होतं. होऊ दे.

कोणी किडे विकत आणणार असेल तर मी सांगते की हे कशावर वाढवले हे विचारा. पहिल्या वेळी मी ज्या ठिकाणाहून आणले तिथं हा प्रश्न फोनवर विचारला, तर पलीकडच्या माणसानं "किडा तो किडाच" म्हणून फोन ठेवला. मला त्याचा राग आला होता. ज्यानं पिढ्यानपिढ्या पतंगाची अंडी खाल्ली तो किडा पिठ्यावर सोडला तर पहिले काही दिवस चाचपडतो का, की लगेच ओळखतो, हे मला माझ्याच दोन बरण्यांत नीट पाहायचं आहे. आतापर्यंत तीनदा पाहिलं. दोनदा अगदी लगेच ओळखलं, एकदा दोन दिवस लागले. तीनवर काही ठरत नाही.

यंदाच्या भाद्रपदात मी विहिरीकडच्या सात ओळींचा हिशेब पुन्हा उघडला. फेरिसिया अजून तिथंच आहे. बरणीतली ती अकरा अंडी डोक्यातून जात नव्हती. पाच झाडं निवडली. प्रत्येक झाडावर, पिठ्याच्या अगदी जवळ, फांदीच्या बेचक्यात सरकी काढलेल्या कापसाचे चार-चार पुंजके सुती दोऱ्यानं सैल बांधले. एकूण वीस. धाकटी लेक दोरा कापून देत होती आणि सासूबाई धुऱ्यावर बसून सरकी काढत होत्या. खोडांना चिकट पट्टे लावले. संध्याकाळी झाडागणिक सहा भुंगेरे सोडले. रात्री पाऊस आला. पुंजके भिजून गोळा झाले. सकाळी आम्ही तिघींनी सगळे सोडून नवे बांधले.

सातव्या दिवशी मोजलं. दोन पुंजके वाऱ्यानं गेले होते. एकात कोळी येऊन बसला होता. चौदा रिकामे. तिघांत अंडी होती: चार, सात आणि दोन.

तेरा अंडी, पाच झाडांवर. शेजारच्या, पुंजके न बांधलेल्या पाच झाडांवर मी दोन तास शोधलं, एकही सापडलं नाही. अंडी फुटली तर त्या अळ्यांना फेरिसियाची कोवळी पिल्लं पकडता येतील का, ते अजून पाहायचं आहे. पुंजक्यांना लाल दोरा बांधून खूण केली आहे, म्हणजे कोणी चुकून तोडणार नाही. अंडी फुटायला आणखी दोन-तीन दिवस आहेत. लेकीनं शाळेच्या वहीत प्रत्येक झाडाचं पान केलंय आणि रोज संध्याकाळी भिंग तिच्याच खिशात असतं.